मुलांनी स्वतःचे मत लिहावे, हे शिकवायचे कसे?

गिरणाकाठ

सर्वांना नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात २६ मुले आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते. गेले काही महिने एका गोष्टीने माझी पाठ सोडलेली नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलांना ‘माझा आवडता सण’ या विषयावर पाच-सहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग अजून मुलांच्या नखांत होता. परिपाठ संपल्यापासून कोणी घुंगरमाळेबद्दल, तर कोणी खापरावरच्या मांड्यांबद्दल सांगत होते. वह्या गोळा केल्या तेव्हा १९ वह्यांत पहिले वाक्य एकच निघाले : ‘दिवाळी हा सणांचा राजा आहे.’ ज्या मुलाने सकाळी मला आपल्या बैलाच्या झुलीची सगळी हकिकत ऐकवली होती, त्यानेही दिवाळीच लिहिली होती. त्याला जवळ बोलावून विचारले, तर तो अगदी सहज म्हणाला, ‘मॅडम, निबंधात दिवाळी लिहावी लागते.’

त्या मुलाला मत होते, त्यामागे कारण होते आणि ते सांगण्याची हौसही होती. ते वहीत लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, एवढेच त्याला कोणी कधी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी आठवड्यातून एक तासिका मुलांच्या मतांसाठी राखून ठेवली आहे.

या आठवड्यात विषय घेतला, ‘शाळा सकाळची असावी की दुपारची?’ आपल्याकडे मार्चमध्येच ऊन चटकू लागते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो, त्यामुळे हा प्रश्न मुलांच्या रोजच्या जगण्यातला आहे. पण वहीत जे आले ते असे : ‘मला सकाळची शाळा आवडते कारण सकाळची शाळा छान असते.’ २६ पैकी २० मुलांनी थोड्याफार फरकाने हेच लिहिले. ‘कारण’ हा शब्द वापरायला मी शिकवला आणि मुलांनी तो प्रामाणिकपणे वापरला, पण त्याच्या पुढे कारण आलेच नाही. इथून पुढे कसे जावे? ज्यांनी लहान मुलांबरोबर असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना खडू

ताई, धुळे जिल्ह्यात ३४ वर्षे शिक्षक आणि त्यानंतर केंद्रप्रमुख म्हणून काम करून मी निवृत्त झालो. आपण लिहिलेला अनुभव माझ्याही पाहण्यात वारंवार आलेला आहे, आणि त्याचे मूळ मला आपल्या विचारण्याच्या पद्धतीत दिसते.

आपल्या शाळांमध्ये ‘का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा रागावण्यासाठी वापरला जातो. उशीर का झाला, गृहपाठ का केला नाही, वही का आणली नाही. मूल पहिलीपासून हा प्रश्न ऐकते आणि ‘का’ ऐकताच मान खाली घालायची असते, हे त्याच्या अंगवळणी पडते. त्यामुळे ‘तुला सकाळची शाळा का आवडते?’ असे आपण कितीही प्रेमाने विचारले, तरी मुलाला त्यात जाब विचारल्यासारखे वाटते आणि सुटका करून घेण्यासाठी ते ‘छान असते’ असे उत्तर देते. मी नंतरच्या काळात ‘का’ ऐवजी ‘कशावरून?’ असे विचारू लागलो. ‘दुपारी वर्गात फार उकडते’, असे मूल म्हणाले की मी विचारत असे, ‘कशावरून म्हणतोस?’ मग ते आठवू लागते, इकडेतिकडे पाहू लागते आणि काहीतरी दाखवू लागते. ‘का’ ने कारण मागितले जाते, ‘कशावरून’ ने पुरावा मागितला जातो, आणि लहान मुलाला कारणापेक्षा पुरावा देणे सोपे जाते, कारण तो त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

दुसरी गोष्ट वाक्याच्या घडणीची आहे. ‘माझे मत असे आहे की... कारण...’ हा साचा आपण फळ्यावर लिहून देतो. परंतु घरी बोलताना मूल आधी घडलेले सांगते आणि मग आपले म्हणणे मांडते : ‘काल दप्तर भिजलं, म्हणून मला नवं पाहिजे.’ अहिराणीतही ‘म्हनीसन’ हा शब्द मुलांच्या तोंडी सतत असतो. म्हणजे पुराव्याकडून मताकडे जाण्याची वाट मुलाच्या बोलण्यात आधीपासून आहे. आपण त्याला ‘कारण’ च्या साच्यात बसवतो तेव्हा त्याला उलट्या दिशेने चालावे लागते. तिसरीत ‘म्हणून’ ची वाक्ये भरपूर लिहू द्यावीत. ‘कारण’ ची वाक्ये चौथीत आपोआप जमतात.

हे वेळेवर झाले नाही तर काय होते, तेही मी पाहिले आहे. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारले जाते. स्वमत म्हणजे स्वतःचे मत. पण वर्गात मुले मार्गदर्शकातील तयार स्वमत पाठ करताना दिसतात, आणि एकाच बाकावरच्या दोन मुलांचे स्वमत शब्दशः सारखे असते. यात त्या मुलांचा दोष नाही. नऊ वर्षे जे कोणी मागितले नाही, ते दहाव्या वर्षी एकाएकी कुठून आणणार?

केळीबाग

मी शिक्षक नाही. रावेर तालुक्यात केळीची शेती करतो आणि माझी मुलगी चौथीत आहे. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते इथे स्पष्टपणे मांडतो, राग नसावा.

मुलांना मत विचारायची सवय लागली की ती घरीही प्रत्येक गोष्टीवर मत देऊ लागतात. आजी काही सांगते तर ‘कशावरून?’ असे विचारतात. आमच्या घरात मोठ्यांपुढे तोंड वर करून बोलण्याची रीत नाही. शाळेने लिहायला, वाचायला आणि हिशोब करायला पक्के शिकवावे. मत तर वय वाढले की येतेच. शिवाय आठ वर्षांच्या मुलाला जगाचा अनुभव किती असतो? त्याच्या मताला पुरावा तरी कशाचा असणार?

पांझराकाठ

केळीबाग भाऊंच्या प्रश्नाला गुरुजी आणि ताई उत्तर देतीलच. मी तोपर्यंत वक्तृत्व स्पर्धांबद्दल लिहिते, कारण मला त्याचे फार वाईट वाटते. माझ्या मुलाने दुसरीत असताना एका स्पर्धेत भाग घेतला होता. भाषण मी लिहिले, हातवारे त्याच्या बाईंनी बसवले आणि त्याला बक्षीस मिळाले. घरी येताना त्याने मला विचारले, ‘आई, मी जे बोललो ते खरं आहे का?’ जे विचार त्याने शेकडो माणसांपुढे ठासून मांडले होते, ते त्याचे नव्हतेच. त्या दिवसानंतर मी त्याला भाषण लिहून दिलेले नाही. स्पर्धेत आता त्याचा नंबर येत नाही, परंतु तो जे बोलतो त्याचा अर्थ त्याला ठाऊक असतो.

एक प्रश्न मलाही आहे. मुलाने मनापासून काही लिहिले आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका असल्या, तर त्या लगेच दुरुस्त कराव्यात की नाही?

सातपुड्याची वाट

मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात एका पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. माझ्या वर्गातील मुलांची घरची भाषा पावरी आहे. पहिली-दुसरीत त्यांच्यासाठी मराठी ही नव्याने शिकायची भाषा असते. त्यामुळे ताईंचा प्रश्न माझ्याकडे अधिक तीव्र स्वरूपात येतो : मुलाला म्हणायचे असते पुष्कळ, पण मराठीत त्याच्याकडे शब्द असतात मोजकेच. अशा मुलाला मराठीत मत मागितले, तर ते मत बदलते आणि ज्याचे मराठी येते तेवढेच मत देते. ‘मला आंबा आवडतो’ हे त्याचे मत असेलच असे नाही. ‘आंबा’ हा शब्द त्याला येतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

म्हणून मी आधी चित्र काढायला सांगतो, मग त्यांच्या भाषेत बोलू देतो, आणि जे बोलले जाते ते त्याच भाषेत देवनागरीत फळ्यावर लिहितो. मला पावरी पूर्ण येत नाही, त्यामुळे अडलेला शब्द मुलेच मला शिकवतात. मराठी वाक्य सर्वांत शेवटी, सगळ्यांनी मिळून तयार होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी असे म्हटले आहे. ते माध्यम पूर्णपणे बदलणे माझ्या हातात नाही, पण मत मांडण्याची ती एक तासिका मुलांच्या भाषेत घेणे माझ्या हातात आहे.

आता केळीबाग भाऊंसाठी एक प्रसंग सांगतो. सध्या आमच्याकडे मोहाची फुले पडत आहेत. पहाटे अख्खे कुटुंब झाडाखाली असते. झाडाखालचा वाळलेला पाला जाळून टाकला की जमीन मोकळी होते आणि पडलेली फुले चटकन दिसतात, म्हणून काही घरांत तो जाळतात. काही घरांत मात्र तो झाडून बाजूला करतात. मी मुलांना विचारले, ‘पाला जाळावा की झाडावा?’ तिसरीतला एक मुलगा म्हणाला की जाळावा, कारण झाडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शेळ्या येऊन फुले खातात. एका मुलीने त्याला उत्तर दिले की त्यांच्या झाडाखाली मागच्या वर्षी आग पुढे सरकली आणि कुंपणापर्यंत गेली, आणि मोहाची जी लहान रोपे तिने पावसाळ्यात पाहिली होती, ती आता तिथे नाहीत. मी तिला विचारले, रोपे आगीनेच गेली हे कशावरून, शेळ्यांनी खाल्ली नसतील का? ती दुसऱ्या दिवशी पाहून आली आणि तिने सांगितले की एक खुंट काळा पडलेला आहे. भाऊ, आठ वर्षांच्या मुलीचा अनुभव लहान असतो हे खरे, पण त्या झाडाखालचा तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा होता. विषय तिच्या अंगणातला असेल, तर पुरावाही तिथेच पडलेला असतो.

जुना खडू

सातपुड्याची वाट सरांनी फार महत्त्वाचे सांगितले. विषयाची निवड हेच निम्मे काम आहे. ‘विज्ञान शाप की वरदान’ हा विषय चौथीच्या मुलाला दिला, तर त्याला दुसऱ्याचे शब्द उसने घ्यावेच लागतात, कारण त्याच्याजवळ त्या विषयाचे पाहिलेले काहीच नसते.

केळीबाग भाऊ, आपली चिंता मी हलकी मानत नाही. परंतु मत आणि हट्ट यांत आपण सर्वांनीच फरक केला पाहिजे. हट्टाला कारण लागत नाही आणि तो समोरच्याचे ऐकूनही घेत नाही. जो मुलगा कारण देऊ लागतो, तो समोरच्याचे कारण ऐकायलाही बांधला जातो, कारण उद्या त्याच्या कारणाला कोणी चांगले उत्तर दिले तर त्याला मागे सरावे लागते. माझा अनुभव असा आहे की ज्या वर्गात हे काम नीट होते, तिथे भांडणे कमी होतात. आजीला ‘कशावरून?’ असे विचारण्याची पद्धत मात्र शिकवावी लागते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ‘आजी, तू हे कुठे पाहिलंस, मला सांग ना’, असेही तेच विचारता येते, आणि आजीला त्याचा आनंदच होतो.

आणि लहान वयात मताला वजन नसते असेही नाही. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. शाळेत शिकणाऱ्या त्या मुलीने आपल्या लोकांनी सोसलेले समोर ठेवले आणि त्यावरून प्रश्न विचारले. कोणी तयार भाषण लिहून दिले असते, तर ते लेखन आजवर टिकले नसते.

पांझराकाठ ताई, शुद्धलेखनाबद्दल माझे मत असे आहे की पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेऊच नये. आधी मुलाच्या म्हणण्याला उत्तर लिहावे. उदाहरणार्थ, ‘तुझ्या भावाबद्दलचे कारण मला पटले, पण मग पावसाळ्यात काय करायचे?’ चुकांचे काम दुसऱ्या दिवशी करावे, आणि तेही सर्व चुकांचे एकदम नव्हे. ज्या वहीत फक्त लाल रेघा परत येतात, त्या वहीत मूल पुढच्या वेळी तीनच शब्द लिहिते, कारण तीन शब्दांत चुका कमी होतात.

दूरदेशी

माझे माहेर अमळनेरचे आहे आणि सध्या मी अमेरिकेत राहते. इथे माझी मुलगी पहिलीत आहे, म्हणून इथल्या शाळांत हे काम कसे चालते ते लिहिते. इथल्या बहुतेक राज्यांनी २०१० मध्ये आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शैक्षणिक अपेक्षा स्वीकारल्या. पुढे काही राज्यांनी त्या बदलल्याही. त्यांत मतलेखन हा बालवर्गापासूनच लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार मानला आहे. बालवर्गात मुलाने चित्र काढून, तोंडी सांगून आणि जमेल तेवढे लिहून आपली आवड सांगायची असते. पहिलीत मत आणि त्याला एक कारण अपेक्षित असते. दुसरीत एकाहून अधिक कारणे आणि ती जोडणारे शब्द येतात, आणि तिसरीपासून ती नीट क्रमाने मांडायला सांगतात. एका वर्षात एकच पायरी चढायची, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आपण तिसरीच्या मुलाला एकदम प्रस्तावना, मुद्दे आणि समारोप मागतो.

त्याचा दोषही सांगते. साचा फार लवकर पक्का होतो. मत, कारण, उदाहरण, पुन्हा मत, असे चार कप्पे छापलेला कागद दिला जातो आणि मुले कप्पे भरतात. माझ्या मुलीने ‘मला मांजर आवडते’ याला तीन कारणे लिहिली, आणि ती तिन्ही एकच होती : मांजर मऊ असते, तिचे केस मऊ असतात, तिला हात लावला की मऊ लागते. कप्पे भरले म्हणून तिला तारा मिळाला. आमच्याकडे कधी मांजर नव्हतेच, आणि तिला कोणी ‘कशावरून?’ असे विचारले नाही.

पांझराकाठ

गुरुजी, दुसऱ्या दिवशी चुका दुरुस्त करण्याचे मला पटले.

एक अडचण मात्र राहते. माझा मुलगा आता सगळ्यालाच ‘माझे मत’ म्हणू लागला आहे. तापी पश्चिमेकडे वाहते, हे त्याला नकाशात दाखवले, तर तो म्हणाला, ‘बाकीच्या नद्या पूर्वेकडे जातात, म्हणून माझ्या मते तीपण पूर्वेकडेच जाते.’ कारण तर त्याने दिले होते!

सातपुड्याची वाट

आणि ते कारण वाईटही नव्हते, ताई. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडेच जातात, एवढे त्याने बरोबर टिपले आहे. अशा वेळी मी मुलांना एकच कसोटी देतो : जे जाऊन पाहून किंवा मोजून ठरवता येते, तिथे मत द्यायचे नाही, पाहायचे. तापी मुलताईला उगम पावते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे नकाशावर बोट फिरवून पाहता येते. तापीच्या काठी बसायला कोणती वेळ चांगली, यावर मात्र दोघांची दोन मते असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मोहाच्या पाल्याच्या प्रसंगातही हे दोन्ही भाग होते. रोप जळाले की नाही, हे पाहून ठरले. पाला जाळावा की नाही, हे मुलांना आपसात बोलून ठरवावे लागले.

केळीबाग

तीन दिवस या धाग्यावर विचार करतो आहे. काल एक गोष्ट घडली ती सांगतो.

आमच्या बागेत या वर्षी पिलबाग ठेवायची, म्हणजे जुन्या खोडांच्या पिलांवरच पुढचे पीक घ्यायचे, की खोडे काढून नवी लागवड करायची, यावर माझे आणि धाकट्या भावाचे बोलणे चालले होते. रोपांचा खर्च, पाणी, मागच्या हंगामात पानांवर पडलेला करपा रोग, सगळे निघाले. भाऊ म्हणाला की करपा या भागात जास्त आहे. मी त्याला लगेच विचारले, ‘कशावरून?’ त्याने मला चार पाने आणून दाखवली. मुलगी शेजारी बसून हे सर्व ऐकत होती. तेव्हा माझ्या लक्षात आले की ज्या प्रश्नाला मी घरात नको म्हणत होतो, तोच प्रश्न मी बागेत रोज विचारतो. पान पाहिल्याशिवाय मी फवारणी करत नाही.

मी मुलीला विचारले, तुला काय वाटते? ती म्हणाली की नवी लागवड करावी, कारण पिलबागेतले घड बारीक निघाले होते. कशावरून, असे विचारल्यावर तिने सांगितले की मागच्या वर्षी पहिल्या कापणीच्या वेळी मजूर एकेक घड डोक्यावर नेत होते, आणि पिलबागेच्या वेळी एक माणूस दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत करत होता. हे मी पाहिले होते, पण त्याचा असा अर्थ माझ्या मनात आला नव्हता. निर्णय काय घ्यायचा तो आम्ही खर्च पाहूनच घेऊ. मोठ्यांशी कसे बोलावे हे शिकवले पाहिजे, हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही. पण तिला या वयात पुरावा कुठून मिळणार, असे जे मी लिहिले होते, ते मागे घेतो.

जुना खडू

भाऊ, आपण हे इथे लिहिलेत याचा मला फार आनंद झाला. मुलीलाही ते सांगा. वडिलांनी आपल्या बोलण्यामुळे विचार बदलला, हे मुलाला कळणे ही फार मोठी गोष्ट असते.

गिरणाकाठ ताई, आपल्या वर्गासाठी एक सूचना करतो. वह्या तपासून परत दिल्या की लेखन संपते. मुलाचे मत दुसऱ्या मुलाने वाचले पाहिजे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत, ही आपल्या खानदेशातलीच परंपरा आहे. वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावा. त्यावर एका मुलाने मत लिहावे आणि त्याखाली दुसऱ्याने उत्तर लिहावे. वाचणारा कोणी तरी आहे, हे समजले की मूल कारण शोधू लागते.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला १५ दिवस लागले, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

मी तोच विषय पुन्हा घेतला. या वेळी वह्या बंद ठेवल्या आणि व्हरांड्यात खडूने रेघ ओढली. सकाळची शाळा हवी असणारे एका बाजूला, दुपारची हवी असणारे दुसऱ्या बाजूला; ज्याला दुसऱ्याचे म्हणणे पटेल त्याने रेघ ओलांडायची. बोलायची भाषा प्रत्येकाने आपली ठरवायची. सुरुवातीला २५ मुले सकाळच्या बाजूला आणि एकच मुलगी दुपारच्या बाजूला उभी राहिली.

सकाळच्या बाजूच्या एका मुलाला मी विचारले, ‘दुपारी फार तापतं, हे कशावरून?’ वर्गावर पत्रे आहेत, हे मला वाटले तसे त्याने सांगितले नाही. तो धावत आत गेला, आपली पाण्याची बाटली घेऊन आला आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘सकायले थंडं पानी भरेल व्हतं. आते देखा.’ पाणी कोमट नव्हे, चांगलेच गरम झाले होते. ती बाटली सर्व मुलांच्या हातांतून फिरली. छान वाटते, आवडते, मजा येते, हे सगळे शब्द त्यानंतर त्या तासिकेत कोणी वापरलेच नाहीत.

मग त्या एकट्या मुलीला विचारले. ती वर्गात फारसे बोलत नाही, आणि एवढ्या मुलांसमोर एकटी उभी असल्यामुळे तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती हळूहळू सांगत गेली आणि मी तिचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवत गेले. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते आणि त्यांची गाणी घरच्या माणसांनी उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली, हे त्या वेळी मला फार आठवले. नंतर तिने स्वतःच्या हाताने वहीत जे लिहिले, ते शुद्धलेखन तेवढे सुधारून इथे देते :

‘आई सहा वाजता गहू काढायला जाते. आजी मळ्यातून नऊ वाजता येते. तोपर्यंत भाऊ माझ्याजवळ असतो. तो दोन वर्षांचा आहे. चुलीजवळ जातो. मागच्या आठवड्यात त्याचा हात भाजला, तेव्हा मी शाळेत होते. म्हणून शाळा दुपारची पाहिजे.’

तिचे बोलणे संपल्यावर ११ मुलांनी रेघ ओलांडली. बाटलीवाला मुलगा रेघेवरच उभा राहिला आणि कोणत्याही बाजूला जाईना. मी त्याला घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरच्या कागदावर तिच्या लेखनाखाली लिहिले : ‘पाणी गरम होते, म्हणून शाळा सकाळचीच पाहिजे. पण तिचा भाऊ लहान आहे, म्हणून तिला नऊ वाजता येऊ द्या. पहिल्या तासाचा अभ्यास मी तिला सांगीन.’

तिसरीतल्या मुलाने दुसऱ्याचे कारण आपल्या मताच्या आत घेतले, ‘पण’ हा शब्द योग्य जागी वापरला, आणि हे मी त्याला शिकवलेले नव्हते. तो कागद मी मुख्याध्यापकांना दाखवला. ते त्या मुलीच्या आईशी बोलले आणि आता अंगणवाडीच्या ताई सकाळी तिच्या भावाला लवकर घेतात. मुलीचे लेखन अजून भिंतीवर आहे. काल तिने त्याखाली एक ओळ वाढवली : ‘आता सकाळची शाळा चालेल.’

सर्व मुलांना हे जमले असे मी म्हणणार नाही. सात-आठ वह्यांत अजूनही ‘छान असते’ च आहे, आणि दोन मुले जिकडे मित्र गेला तिकडे रेघ ओलांडून गेली. त्यांच्यासाठी काय करावे, यावर आपल्यापैकी कोणाचा अनुभव असेल तर अवश्य लिहा. पुढच्या आठवड्यात विषय घेणार आहे, ‘शाळेच्या अंगणातल्या निंबाच्या फांद्या छाटाव्यात की नाही?’ छाटणीचे ठरले आहे आणि माणूस शनिवारी येणार आहे, त्यामुळे मुलांचे लेखन शुक्रवारपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीकडे पोहोचवायचे आहे.